खडकावरची भांगलण

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी सांगलीला लेकीच्या घरी आले, तेव्हा माझी सोय हॉलमधल्या दिवाणावर झाली. दिवाणाच्या उशाशी काचेची मोठी टाकी होती आणि टाकीत समुद्र होता. खरा नव्हे. कृष्णेचं नळाचं पाणी फिल्टरमधून काढून त्यात पुड्यातलं समुद्री मीठ कालवून केलेला. पण आतल्या माशांना तो पटला होता, तेव्हा माझी हरकत असायचं कारण नव्हतं.

टाकी माझ्या विहीणबाईंची, म्हणजे जावयाच्या आईची. त्या मूळच्या आटपाडीकडच्या. तिकडची माणसं सोनं गाळायच्या, गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. यांच्या यजमानांची भट्टी तमिळनाडूत समुद्रकाठच्या एका गावी होती आणि बाईंचा निम्मा जन्म तिथंच गेला. ज्या तालुक्यात प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघायची, तिथली ही बाई समुद्राच्या नादी लागली. यजमान गेल्यावर मुलाकडे सांगलीला आल्या त्या ‘हितं पान्याचा आवाजच न्हाई’ म्हणून रडायला लागल्या. शेवटी मुलानं टाकी आणून दिली. हे सगळं मला लेकीनं सांगितलं. बाई मला स्वतःबद्दल काही सांगत नव्हत्या. त्या मला फक्त जेवायला वाढत होत्या.

माझं म्हणाल तर शिराळ्याजवळच्या एका गावात दोन खोल्यांचं घर, थोडा ऊस, थोडं भात. मालक फौजेत होते, ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी प्राथमिक शाळेत बाई होते आणि शाळा सुटल्यावर रानात बाई होते. लेक एकुलती एक. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की आता एकटीनं राहायचं नाही, चिखलात जायचं नाही, उकिडवं बसायचं तर नावच काढायचं नाही. म्हणजे प्रश्न अगदी सरळ होता. मी इथून पुढं राहायचं कुठं?

लेक म्हणाली, इथंच. जावई म्हणाले, इथंच. पण त्या दोघांच्या म्हणण्याला मी काही किंमत देत नव्हते. मुलीच्या आईनं मुलीच्या घरी कायमचं राहायचं, तर तो शब्द मुलाच्या आईकडून यावा लागतो. माझी आई तर मला मुलगा होईपर्यंत माझ्या घरचं पाणी पिणार नव्हती. मला झाली ती एक मुलगी, त्यामुळे ती अखेरपर्यंत शेजारणीकडून तांब्या मागवून प्यायली. मी तशी नाही. मी चहा पिते, जेवते, वरून आमटीत मीठ कमी आहे असंही म्हणते. पण विहीणबाईंच्या तोंडून ‘राहा’ निघाल्याशिवाय मी पिशवीतली लुगडी कपाटात ठेवणार नव्हते. मूर्खपणा आहे म्हणा. आहेच.

बाईंनी ‘राहा’ म्हटलं नाही आणि ‘जा’ही म्हटलं नाही. त्यांनी मला मान दिला. आमच्या भागात नकोशा माणसाला हाकलत नाहीत, मान देतात. सकाळी चहा दिवाणावर हातात. कप धुवायला उठले की कप हातातून काढून घ्यायच्या. ताट पहिलं मला, पोळीवर तूप मला, खुर्ची मला. मी काठी टेकत स्वयंपाकघराच्या दाराशी गेले की आतून आवाज यायचा, “बसा बसा, विहीणबाई. पावण्या हायसा तुमी.” एकदा मी नुसती कोथिंबीर निवडायला मागितली. त्यांनी जुडी माझ्या हातात दिली आणि मी निवडून दिलेली कोथिंबीर माझ्या देखत पुन्हा निवडली. चीड आली मला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना कान धरून शिकवलेली मी बाई, आणि मला कोथिंबीर येत नाही!

मग दिवसभर करायचं काय? मी टाकी बघत बसले.

टाकीत डाव्या बाजूला केशरी रंगाची, पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी होती. ती आपल्या कोपऱ्यातून हलत नसे. मधोमध एक मोठा खडक होता आणि त्यावर हिरवं शेवाळ वाढलेलं, बोटाच्या पेराएवढं लांब, केसाळ. या खडकाचा मालक होता एक काळपट तपकिरी मासा. पुरीएवढा असेल नसेल, पण ऐट अशी की ग्रामपंचायत बिनविरोध जिंकलीय. खडकाच्या जवळ काही आलं की हा अंगावर धावून जायचा. गोगलगाय चढली तर तिला तोंडानं धरून लांब नेऊन टाकायचा. केशरी जोडीला मात्र काही करत नसे. ती जुनी शेजारीण, तिची हद्द ठरलेली, याची ठरलेली. एकदा दुपारी लाईट गेली, पंखा आणि पंप दोन्ही थांबले, तेव्हा मला त्याचा आवाजही ऐकू आला. टक, टक, टक. दातावर दात घासल्यासारखा. तो भांडत होता काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी.

मी आल्यावर आठवडाभरात जावयांनी टाकीत एक नवा मासा आणला. लांबट, चपट्या तोंडाचा, अंगावर ठिपके, डोळ्यांवर बारीक तुऱ्यासारख्या भुवया. तो फारसा पोहत नसे. पुढच्या परांवर कोपरं टेकून बसे आणि डोळे गरगर फिरवी. दुकानदारानं सांगितलं होतं की हा शेवाळ खातो, टाकी स्वच्छ राहील. विहीणबाईंना तो आणलेला आवडला नाही. “ह्यो बी श्यावाळ खानार आन् त्यो बी श्यावाळ खानार. मंग?” एवढंच म्हणाल्या. मी दिवाणावरून म्हणाले, “घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.” बाईंनी माझ्याकडे बघितलं. घोडं कोण, हे आम्हां दोघींनाही माहीत होतं. लेक आत निघून गेली.

बाईंचं म्हणणं खरं ठरलं. काळ्यानं ठिपकेवाल्याला पहिल्या दिवसापासून सुखानं खाऊ दिलं नाही. त्या केशरी जोडीला शेवाळ नको होतं, म्हणून त्यांच्याशी भांडण नव्हतं. याला तेच हवं होतं, त्याच खडकावरचं. ठिपकेवाला खडकाच्या पायथ्याशी यायचा, एक घास ओरबाडायचा, आणि काळा वरून येऊन त्याच्या शेपटीला चावा घ्यायचा. काही दिवसांत त्याच्या शेपटीची कड फाटक्या पदरासारखी झाली. तरी तो पुन्हा यायचा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, पण दोन्ही तलवारींना दुसरं म्यान नव्हतं, ही त्यातली अडचण. मी त्यांची बाजू घेत नव्हते. निदान तसं मला वाटत होतं.

एक दिवस विहीणबाई माधवनगरला नात्यात डोहाळजेवणाला गेल्या. लेक आणि जावई कामावर. घरात मी एकटी आणि समोर तो खडक. शेवाळ आता चांगलंच माजलं होतं. पाण्याच्या धारेबरोबर हलत होतं, जणू मला खुणावत होतं. ज्या बाईनं आयुष्यभर भांगलण केली आहे, तिला माजलेलं तण नुसतं बघत बसणं किती अवघड आहे हे ज्यांनी केली नाही त्यांना कळणार नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या बांधावरून जातानासुद्धा बाया वाकून गवत उपटून टाकतात. शिवाय मनात होतंच, की फुकट बसून खाणारी पाहुणी नाही मी. कोथिंबीर नाही तर नाही, टाकी साफ करून दाखवते.

स्टूल ओढून टाकीजवळ बसले, बाही वर केली आणि झाकण काढून हात आत घातला. भांगलायचं तर मुळापासून, ही सवय. चिमटीत धरायचं, जरा पिळायचं, ओढायचं. काळा मासा हाताला चावत होता. चिमणीनं चोच मारावी एवढं लागत होतं. मी त्याला म्हणाले, “थांब रं गड्या, तुझंच काम करतीया.” दुपारभर बसून खडक लखलखीत केला. खाली जांभळट पांढरा दगड निघाला. उपटलेलं शेवाळ एका पातेल्यात काढून ठेवलं, दाखवायला. गुडघा ठणकत होता, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

संध्याकाळी बाई आल्या. हातातली पर्स आणि खणाची पिशवी तशीच धरून टाकीसमोर उभ्या राहिल्या.

“ह्ये कुनी केलं?”

“मी केलं. लय माजलं होतं हो.”

“आवं, त्ये तण न्हवं!” त्यांचा आवाज फाटला. “काळ्याची पेर हाय ती. त्यो राखतुया. नगं त्ये उपटून टाकतुया, पायजे त्ये वाढवतुया. कवापास्नं वाढवलं व्हतं त्यानं.”

मी पातेल्याकडे बघितलं. उभं पीक उपटलं होतं मी. रानातल्या बाईनं. कोवळ्या ज्वारीत शिरलेल्या नव्या सुनेनं गवत समजून ताटं उपटावीत, तिला भांगलणाऱ्या सगळ्या बायांनी हसावं, तसलं काम माझ्या हातून झालं होतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा रागही आला. मासा शेती करतो हे माणसानं कुठून समजायचं? बाई पर्स ठेवून पातेलं उचलून आत गेल्या. त्या रात्री माझं ताट लेकीनं आणून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून टाकीत अनर्थ सुरू झाला. काळ्याला राखायला रान उरलं नव्हतं. मला वाटलं होतं, आता तरी शांत होईल, भांडायचं कशासाठी? झालं उलटंच. आधी तो फक्त खडकाजवळ आलेल्याला चावायचा. आता सबंध टाकीत कुठंही ठिपकेवाल्याच्या मागं लागला. ठिपकेवाला पंपाच्या नळीमागं वरच्या कोपऱ्यात उभा दडून राहिला. खायला खाली येईना. पोट आत गेलं, भुवया तेवढ्या उरल्या. मी ते बघत होते आणि दुसरीकडे बघायला हॉलमध्ये काही नव्हतं.

बाईंनी दोन दिवस बघितलं, मग माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, “एकटीचं काम न्हाई. हात लावा.” मान देऊन बोलायचं त्या विसरल्या, आणि मला ते फार आवडलं.

आम्ही दोघींनी खडक एकेक करून बाहेर टबात काढले. मी बसून धरायची, त्या वाकून उचलायच्या. मोकळ्या टाकीत काळ्याला जाळीत धरला. टाकीच्याच आत वरच्या कडेला भोकं पाडलेला पारदर्शक डबा अडकवला आणि त्यात त्याला सोडला. मग खडक पुन्हा लावले, पण पहिल्यासारखे नाही. मी म्हणाले, “काळ्यालाच का कोंडायचं? ठिपकेवाला नवा आहे, त्याला डब्यात ठेवा, जपून राहील.”

बाई पदराला हात पुसत म्हणाल्या, “नव्याला डब्यात ठिवून काय हुतंय? भाईर आला की पुन्ना मारच खातुया. जुन्यालाच भाईर काढायचा. त्यो नसताना नव्याला जागा धरू द्यायची, घर बांदू द्यायचं. मंग जुन्याला सोडायचा. तवा जुना त्योच पावना व्हतुया. मंग बरोब्बर सुतासारखा सरळ ऱ्हातुया.” मग म्हणाल्या, “तिकडं शेजारी एक मासं इकनारा व्हता. त्यानं शिकिवलं.” माझ्याशी त्या स्वतःबद्दल बोलल्या त्या एवढ्याच.

मला वाटलं होतं, त्या दुपारनंतर काही बदलेल. बदललं नाही. संध्याकाळी मी ओट्याशी गेले तर पुन्हा तेच, “बसा बसा, पावण्या हायसा.” मी दिवाणावर येऊन बसले आणि तिथल्या तिथं ठरवलं. जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं की रविवारच्या गाडीनं मी शिराळ्याला जाणार. लेक म्हणाली, “आणि पडलीस तर कोण उचलेल तुला?” मी म्हणाले, “पडले तर पडेन. माझ्या दारात पडेन.” लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. विहीणबाईंनी माझ्या पानात भात वाढला आणि त्यावर तूप घातलं. मला वाटलं, झालं, सुटली बाई माझ्यातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाहेरच्या पातळात, हातात बॅग घेऊन हॉलमध्ये आल्या.

“मी साताऱ्याला जातीया. धाकट्या भनीकडं. तिचं जरा काम हाय.”

“अहो, पण मी रविवारी…”

“मासं कोन बगल? ह्यास्नी काय कळतंय व्हय त्यातलं?” त्यांनी घराची किल्ली माझ्या उशाशी ठेवली. “ठिपकेवाल्याला पालकाचं पान उकडून द्या, श्यावाळ येईस्तवर. त्यो खडकावर बसाया लागला की मगच काळ्याला सोडा. आदी न्हाई.” दारात जाऊन पुन्हा वळल्या. “आन् माजं डबं समदं वरच्या फळीवर हायती. तुमास्नी पाय उंच करून काडाया यायचं न्हाई. लेकीला सांगून खाली घ्या. तुमच्या हाताला यील तसं लावा.”

आणि गेल्या.

मी इतकी संतापले! मला अडकवून ठेवून बाई हवा खायला साताऱ्याला गेली. माझी गाडी गेली, रविवार गेला, आणि मी दुसऱ्याच्या माशांना पालक उकडत बसले. पहिला दिवसभर मी हट्टानं स्वयंपाकघरात पालकापुरतीच गेले. लेकीनं बाहेरून जेवण मागवलं. ते इतकं वाईट होतं की दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला. डबे खाली काढून घेतले. डाळी डाव्या हाताला, पिठं उजव्या, चहा-साखर खालच्या फळीवर, म्हणजे वाकावंही लागणार नाही आणि टाचाही उंचवाव्या लागणार नाहीत. ओट्याजवळ उंच स्टूल घेतलं. शिराळ्याकडची तांदळाची भाकरी केली, जावयांनी चार खाल्ल्या. आठवडाभरात घरात माझ्या खोकण्यावरून कळायला लागलं की मी कुठं आहे. पिशवीतली लुगडी मी कपाटात कधी ठेवली ते मला आठवत नाही. एक दिवस ती तिथं होती.

टाकीत ठिपकेवाला आधी नळीमागून बाहेर आला. मग खाली उतरला. मग एके सकाळी मोठ्या खडकाच्या माथ्यावर कोपरं टेकून बसलेला दिसला. डब्यातून काळा त्याच्याकडे बघत होता, टक टक करत होता, पण मधे भिंत होती. खडकावर पुन्हा बारीक हिरवी लव धरायला लागली होती. मी हात लावला नाही.

मग काळ्याला सोडला. तो भरकन मोठ्या खडकाकडे गेला. ठिपकेवाला हलला नाही. काळा जवळ आला तसं त्यानं चपट्या तोंडानं त्याला धडक दिली, एकच. काळा मागं सरला, टाकीला एक फेरी मारली, आणि उजव्या अंगाला रिकामा असलेला लहान खडक हुंगायला लागला. त्याच्यावरही हिरवं येत होतं. संध्याकाळपर्यंत त्यानं तिथल्या गोगलगाईला उचलून लांब टाकलं, तेव्हा मला हायसं वाटलं. दोघं मित्र झाले वगैरे काही नाही. हद्द ठरली, इतकंच.

पंधरवड्यानं विहीणबाई परत आल्या. आल्या त्या बेल वाजवून. दार उघडंच होतं, नुसतं लोटलेलं. दिवसाढवळ्या आम्ही ते कधी लावत नाही, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी त्या बाहेर बॅग घेऊन उभ्या राहिल्या. मी काठी टेकत दाराशी गेले.

“येऊ का?” त्यांनी विचारलं.

स्वतःच्या घरात. मी बाजूला झाले. त्यांनी पाय धुतले, टाकीपाशी जाऊन वाकून दोन्ही खडक नीट बघितले, मान हलवली. मग स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांची म्हणून ठरलेली खुर्ची होती, ती सोडून त्या दिवाणाच्या कडेला बसल्या, जिथं पाहुण्यांना बसवतात तिथं. बहिणीचं काम झालं का म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, “कसलं काम?” आणि मग घाईनं, “झालं झालं.”

साताऱ्याला काहीही काम नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. इतका वेळ मी टाकीत बघत होते आणि मला समोरचं दिसलं नव्हतं. मी कोणापुढं रडत नाही, म्हणून माशांना खाणं घालायला वळले.

जराशानं त्या उठल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेल्या आणि आत पाऊल न टाकता थांबल्या. ओट्याकडे, फळ्यांकडे, उंच स्टुलाकडे बघितलं. काहीच पहिल्या जागी नव्हतं.

“विहीणबाई, जरा च्या करावा म्हनते. साखर कुठं ठिवलीया?”

‘बसा बसा, पाहुण्या आहात तुम्ही’, हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. इतक्या दिवसांचं उट्टं निघालं असतं.

“खालच्या फळीवर,” मी म्हणाले. “डाव्या हाताला. या आत.”

त्या आत आल्या. डबा काढला, दोघींच्या चहात साखर घातली आणि डबा परत खालच्याच फळीवर ठेवला.